वाटेवरचा इस्तोबा

आम्ही निघालो त्या सकाळी आबा अंगणात दोर वळत होते.

दोर वळायला दोन माणसं लागतात. एकानं घायपाताच्या वाखाला पीळ भरायचा, दुसऱ्यानं टोक ताणून धरायचं. टोक सैल पडलं की भरलेला पीळ उलटतो आणि सकाळभराची मेहनत गुंता होऊन पायाशी पडते. मी आठ-नऊ वर्षांचा असल्यापासून ते टोक माझ्या हातात होतं. "टोक धर," हे दोन शब्द आबा दिवसातून कितीदा तरी म्हणत. त्या सकाळी मी, माझी बायको रूथ आणि माझ्या खांद्यावर झोपलेली आमची शांता असे अंगणात उभे राहिलो, तेव्हा टोक बाभळीच्या खुंटाला बांधलेलं होतं. आबांनी आमच्याकडं पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा पीळ भरायला लागले. ताण आला की खुंट कुरकुरतो. ते कुरकुरणं वाडा संपेपर्यंत मागून ऐकू येत होतं.

आई मात्र कॅनॉलच्या फाट्यापर्यंत आली. तिथं गावची पायवाट बारामतीच्या सडकेला मिळते, आणि तिथंच एका लिंबाखाली तिनं रचलेला दगडांचा ढीग होता. "ठेव एक," ती म्हणाली. माझ्या एका खांद्यावर पोरगी, दुसऱ्या हातात वळकटी. हात मोकळा नव्हता हे खरं. वळकटी खाली ठेवता आली असती हेही खरं. मी म्हणालो, "आये, उशीर व्हतोय." मग तिनंच वाकून एक दगड उचलला आणि ढिगावर ठेवला. "ह्यो इस्तूचा," ती म्हणाली, जवळ कुणी ऐकायला उभं असल्यासारखी.

इस्तू म्हणजे मी. माझं नाव स्तेफन.

जे मागं राहिले आणि जे माझ्यासारखे पोटामागं निघून गेले, त्या दोघांसाठी हे लिहितो आहे. बारामतीहून इंदापूरकडची वाट काही फार लांबची नाही. बैलं बरी असली तर गाडी एका दिवसात पोचते. त्या एका दिवसाच्या वाटेवर माझ्या हातून जे सुटलं, ते सात-आठ वर्षं झाली तरी मला उचलता आलेलं नाही.

आमचं गाव सांगवीच्या पलीकडं, नीरेच्या अंगाला. नाव लिहीत नाही, कारण त्यातली माणसं हयात आहेत आणि मला कुणाची तक्रार करायची नाही. गावाच्या खालच्या बाजूला आमचा मांगवाडा. गावाला दोर पुरवायचे, कासरे पुरवायचे, विहिरीच्या मोटेला नाडा वळून द्यायचा आणि देवीच्या जत्रेत हलगी वाजवायची, हे आमच्या घराचं पिढ्यांचं काम. त्याच्या बदल्यात सुगीला धान्य मिळायचं आणि शेताच्या बांधांवरचं घायपात तोडायला कुणी अडवत नसे. मी चार-पाच वर्षांचा असताना आबांनी बाप्तिस्मा घेतला. भिवाचे याकोब झाले. गावानं त्यांना शेवटपर्यंत भिवाच म्हटलं आणि त्याचं त्यांना काही वाटलं नाही. माझं नाव मात्र त्यांनी हट्टानं ठेवलं. मिशनच्या पाद्रीसाहेबांनी दुसरी सोपी नावं सुचवली होती. आबा म्हणाले, "न्हाय साहेब. ज्यानं पयली साक्ष दिली त्याचंच ठिवायचं."

स्तेफनाची गोष्ट आबा दोर वळता वळता सांगत. पुस्तकात आहे तशी ती नसायची. त्यांच्या गोष्टीतला स्तेफन गरिबांच्या पंगतीत भाकरी वाढणारा माणूस होता आणि यरुशलेम एखाद्या बाजाराच्या गावासारखं होतं. लोकांनी त्याला धरून वेशीबाहेर नेलं. म्हणाले, बोललास ते मागं घे. त्यानं घेतलं नाही. मग दगड उचलले. मरता मरता तो मारणाऱ्यांसाठीच देवाकडं मागणं मागत होता. आमच्यात अशा माणसाला रक्तसाक्षी म्हणतात. आबा म्हणत, "कोरटातली साक्ष येकदा दिली की मानूस घरी जातो. ही साक्ष रोज द्यावी लागती."

लहानपणी मला त्या गोष्टीत एका तरण्या पोराबद्दल फार कुतूहल होतं. दगड मारायला हात मोकळे हवेत म्हणून लोकांनी अंगावरचे कपडे काढून त्याच्या पायाशी ठेवले, आणि तो ते राखत उभा राहिला. मी विचारलं होतं, "त्यानं मारला का दगड?"

"न्हाय."

"मग त्याचा काय गुन्हा?"

आबांनी पीळ थांबवला नाही. "नुसता हुबा हुता," ते म्हणाले.

आईनं ही गोष्ट ऐकली आणि तिच्या परीनं समजून घेतली. आमच्या भागात वाटेवर कुणी अवचित मेलेलं असलं तर जाणाऱ्या-येणाऱ्यानं तिथं एक दगड ठेवून पुढं जायची रीत आहे. त्याला दगड वाहणं म्हणतात. वाहिला की वाट सुखाची होते. आईच्या डोक्यात ते पक्कं बसलं, की लोकांनी स्तेफनावर दगड वाहिले, म्हणजे त्याचा केवढा मान झाला असेल. तिनं फाट्यावरच्या लिंबाखाली त्याच्यासाठी दगड ठेवायला सुरुवात केली. बाजाराला जाताना एक, परत येताना एक. आबांना कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

"अगं, मारले त्याला दगड! वाहिले न्हाईत."

"मारले काय, वाहिले काय," आई म्हणाली, "दगड त्याच्यावरच पडले न्हवं?"

आबा हसत सुटले. नंतर त्यांनी तिला बरंच समजावलं, देव एकच, दगडाला भजू नये वगैरे. ती सगळ्याला व्हय म्हणाली आणि दुसऱ्या बाजारी पुन्हा दगड ठेवून आली. तिचा देव एकच होता, यात मला कधी शंका आली नाही. तो ढीग तिच्या लेखी देव नव्हताच. वाटेत मेलेल्या एका भल्या माणसाची जागा होती.

आबा हलगी फार सुरेख वाजवत. बाप्तिस्म्यानंतरही ती त्यांनी टाकली नाही. नाताळाला पेटत्या पाचोळ्यावर तापवून ते अशी वाजवत, की वरच्या आळीतली माणसं ऐकायला फाट्यापर्यंत येऊन उभी राहत. देवीपुढं मात्र वाजवत नसत. जत्रेत माझा चुलता वाजवायचा, त्यानं धर्म बदलला नव्हता. मलाही त्यानंच शिकवलं. त्यामुळं कित्येक वर्षं प्रश्न आला नाही. मग एका उन्हाळ्याआधी चुलता वारला, त्याला मूलबाळ नव्हतं, आणि हलगीचा मान आमच्या घरावर आला.

जत्रेच्या आधी तात्या आमच्या अंगणापाशी आले. तात्या म्हणजे गावातले मोठे बागाईतदार. कॅनॉलच्या पाण्यावर त्यांचा ऊस उभा असायचा आणि जत्रेचं सगळं त्यांच्याकडं होतं. माणूस वाईट नव्हता. आमच्या घरी दुखणंखुपणं झालं तर औषधाला दूध धाडणारा होता. बांधापलीकडंच उभे राहून ते म्हणाले, "भिवा, नाताळाला वाजवतोस, मग आईपुढं वाजवायला काय झालं? तुझा देव काय हलगीला बहिरा हाय?"

"बहिरा न्हाय तात्या," आबा म्हणाले, "म्हणून तर."

तात्यांना हसू आलं, पण त्यांनी ते मिशीत दाबलं. "ह्ये बघ, गाव माझ्या उरावर बसलंय. तू न्हाय वाजवलं तर बांधावरचं घायपात बंद. दोर कुणी घ्यायचा न्हाय. मग खाशील काय?" आणि मग, वाट काढून दिल्यासारखं, माझ्याकडं बोट करून म्हणाले, "तू नको वाजवू. तुझा ल्योक वाजवंल. त्याला येतंय की. घराचा मान घरात ऱ्हाईल, तुझा धरम तुझ्यापाशी ऱ्हाईल."

मला वाटलं, आबा ठाम नाही म्हणतील. ते तसं म्हणाले असते तर माझं ओझं उतरलं असतं. ते म्हणाले, "तो बत्तीस वरसांचा बाप्या हाय. त्याचं त्यानं ठरवावं."

मी काहीच ठरवलं नाही. वाजवतो म्हणालो नाही, वाजवत नाही असंही म्हणालो नाही. त्याच आठवड्यात बारामतीच्या बाजारात कळलं, की इंदापुराकडं साखरेचा नवा कारखाना उभा राहतोय आणि दोरकामाची माणसं हवी आहेत. मी घरी येऊन सांगितलं की चांगलं काम आहे, उशीर केला तर जाईल. आबांनी विचारलं, "जत्रंच्या आधी?" मी म्हणालो, "व्हय." त्यांनी वाखाची पेंडी ओढून घेतली आणि पिंजायला बसले. रूथ तेवढी भांडी बांधताना म्हणाली, "काम पळून जातंय का तुमी?"

म्हणून मी सुरुवातीला दोराचं सांगितलं. खुंटाला बांधलेलं ते टोक मी सोडलेलं होतं.

कारखाना म्हणजे तेव्हा माळावर उभे केलेले लोखंडी खांब आणि पेटाऱ्यांमधून आलेली यंत्रं. अवजड यंत्रं दोरानं उचलून जागेवर बसवणाऱ्या माणसांना तिथं खलाशी म्हणतात. मी समुद्र अजून पाहिलेला नाही, पण गेली सात-आठ वर्षं मी खलाशी आहे. तिथला दोर तारेचा, विलायतेहून गुंडाळून येणारा. त्याला माणसाच्या हाताचा पीळ लागत नाही. त्याचं टोक कप्पीला अडकवतात, मग कुणी धरावं लागत नाही. सुरुवातीला मला ते फार बरं वाटलं.

पहिल्या दिवशी टाइमकीपरनं मान खाली घालूनच विचारलं, "नाव?"

"स्ते..." मी म्हणालो. मागं माणसं उभी होती, वरच्या गावांतली, वेगवेगळ्या जातींची. जीभ अडखळली.

"शेटीबा?"

मी गप्प राहिलो.

"शेटीबा. बापाचं?"

"भिवा."

बस, एवढंच झालं. मी खोटं बोललो नाही. पुढचे सगळे दिवस मी स्वतःला हेच सांगत आलो. त्यानं चुकीचं ऐकलं आणि मी दुरुस्त केलं नाही. भोंगा वाजला की शेटीबा कामावर जायचा, पगाराला शेटीबाचा अंगठा उठायचा. मला सही येत होती, मिशनच्या शाळेत चार इयत्ता शिकलो होतो. पण सही करायची तर कुठल्या नावाची करायची? शेटीबाला पत्र्याची का होईना क्वार्टर मिळाली. नळ सगळ्यांचा होता आणि शेटीबाला तिथं कुणी 'लांब हो' म्हणालं नाही. जन्मात पहिल्यांदा मी रांगेत उभा राहून पाणी भरलं. ते पाणी किती गोड लागलं हे मी कसं सांगू? ज्यांना लहानपणापासून नळ मिळाला त्यांनी मला दोष देण्याआधी एवढं ध्यानात घ्यावं. आणि ज्यांनी घायपात बंद झालं तरी तोंड फिरवलं नाही, त्यांनी खुशाल द्यावा.

वसाहतीत चार-पाच ख्रिस्ती घरं होती. रविवारी ती दवाखान्यातल्या कंपाउंडरच्या क्वार्टरमध्ये प्रार्थनेला जमत. रूथ जायची. मी रविवारची पाळी मागून घ्यायचो. गळिताच्या आरंभी चरकाची पूजा होई, सगळ्यांबरोबर मी गंधाला कपाळ पुढं करी. घरी येऊन ते पुसताना रूथ बघत राहायची. एकदा म्हणाली, "नळावर मला शेटीबाची बायको म्हणून हाका मारत्यात. मी मागं वळत न्हाई. त्यास्नी वाटतं, मला ऐकू कमी येतं."

आम्हाला येऊन महिना-सव्वा महिना झाला असेल, तेव्हा माझा मामेभाऊ लहानू मातीकामाला आला. जत्रेत काय झालं ते त्याच्याकडून कळलं.

देवीची पालखी पाराशी आली आणि हलगी नाही म्हणून थांबून राहिली. माणसं आमच्या वाड्याकडं आली. आबा दार लावून बसले नव्हते. ते उघड्या अंगणात दोर वळत होते आणि टोक आईच्या हातात होतं. तात्यांनी समोर येऊन विचारलं, "भिवा, शेवटचं इचारतो."

"तात्या, गावाला दोर दीन, नाडा दीन, मढ्याची तिरडी बांधीन," आबा म्हणाले. "येवढं येक मागू नगा."

तात्या परत फिरले. मागच्या पोरांनी दगड उचलले. लहानू म्हणाला, "पयला खांद्याला लागला, दुसरा डोळ्याच्या वर. म्हातारा खाली न्हाय बसला, इस्तू. पीळ भरतच हुता. आन् आत्या तर..." त्यानं घमेलं खाली ठेवलं. "आत्याला धावून जाता येईना. टोक सोडलं आसतं तर समदा पीळ उलटला आसता. ती रडत हुती आन् टोक धरून हुबी हुती. शेवटी तात्याच वरडले पोरांवर, तवा थांबलं."

आम्ही बोलत होतो तिथं शेजारी एक फिटर विडी ओढत बसला होता. त्यानं विचारलं, "कोण म्हातारा रे, शेटीबा?"

लहानूनं माझ्याकडं पाहिलं. शेटीबा कोण, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. मी फिटरला म्हणालो, "गावाकडचं हाय एक." लहानू घमेलं उचलून चालू लागला. काम संपल्यावर तो निघून गेला आणि पुन्हा आला नाही.

मी लगेच गेलो नाही. बॉयलर बसवायचा होता, रजा नव्हती, पाऊस लागला होता. ही सगळी कारणं खरी होती. गळीत सुरू होण्याआधी दोन दिवस मिळाले तेव्हा एकटाच गेलो. फाट्यावर पाहिलं तर ढीग वाढलेला. आईनं अंगणात पडलेले दगड टोपलीत भरून तिथं नेऊन ठेवले होते. एकावर तपकिरी डाग होता. पावसानं धुतला होता, तरी होता.

मी असतानाच पाद्रीसाहेब सायकलवरून आले. त्यांनी ढीग पाहिला होता आणि ते फार नाराज होते. "याकोब, तुझ्यासारख्यानं हे चालू द्यावं? उद्या लोक याला शेंदूर फासतील. मोडून टाक."

आबांची डावी पापणी खाली उतरली होती. डोळा अर्धाच उघडायचा. ते म्हणाले, "साहेब, ह्यो देव न्हाय. मला लागलेले दगड हायत. कुठं टाकू, तुमीच सांगा."

पाद्रीसाहेबांनी टोपी काढली, प्रार्थना केली आणि सायकलवर बसून गेले.

आबा वाख घेऊन बसले. म्हणाले, "टोक धर." आम्ही दुपारपर्यंत दोर वळला. गावातलं घायपात बंद झालं होतं, आई नदीपलीकडून वाख आणत होती आणि माल बारामतीला नेऊन विकत होती. एकदाच, पीळ भरता भरता, आबांनी विचारलं, "तितं काय म्हणत्यात तुला?"

"खलाशी म्हणत्यात," मी म्हणालो.

तेही खोटं नव्हतं. आबांनी अर्ध्या डोळ्यानं माझ्याकडं पाहिलं आणि हसले. मुलाला चांगलं काम लागलं म्हणून हसले, असंच मी धरून चाललो.

तिसऱ्या गळितात, भर थंडीत, आबांना ताप आला. त्यांनी दोनदा माझं नाव घेतलं. आई उठून तात्यांच्या बांधापाशी जाऊन उभी राहिली. ज्या माणसानं घायपात बंद केलं होतं, त्यानं स्वतःची गाडी जुंपायला लावली आणि गड्याला सांगितलं, की बैलं मेली तरी चालतील, इस्तेफानाला घेऊनच ये.

गडी कारखान्याच्या फाटकावर पोचला. त्यानं विचारलं, इस्तेफान खलाशी कुठं भेटंल? चौकीदार म्हणाला, या नावाचा कुणी नाही. खलाशी सगळे मला ठाऊक आहेत. तो दिवसभर बाहेर बसला. पाळी सुटताना माणसांच्या लोंढ्यात त्यानं हाका मारल्या असतील. मी त्या लोंढ्यातच असणार. भोंग्यानंतर कान काही वेळ बधिर असतात. की मी ऐकलं आणि नाव दुसऱ्या कुणाचं असेल असं मला वाटलं? हे मी देवाला पुष्कळदा विचारलं आहे. गाडी रिकामी परत गेली.

मला कळलं ते आठवड्यानंतर, कंपाउंडरकडून. त्याला मिशनमधून निरोप आला होता. मी पोचलो तेव्हा नदीकाठी मातीचा उंचवटा सुकून भेगाळला होता. आबांना त्यांच्याच दोरांनी खाली उतरवलं होतं. दोन दोर, चार टोकं. वाड्यात धरायला तयार अशी तीनच माणसं निघाली. चौथं टोक आईनं धरलं.

तात्या रस्त्यात भेटले. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "गाडी धाडली हुती रं. तितं इस्तेफान म्हणून कुणी न्हाय म्हणले." जमिनीकडं बघत ते पुढं म्हणाले, "आमी म्हणलं, आसंल तसंबी."

परत गेल्यावर मी पहिल्यांदा टाइमकीपरकडं गेलो. म्हणालो, साहेब, माझं नाव स्तेफन याकोब आहे. त्यानं चष्मा वर केला. "मग इतकी वर्षं इथं काम कोण करत होतं?" तो थट्टेनं म्हणाला होता. नाव बदललं गेलं, पण माणसांच्या तोंडी शेटीबाच राहिला. रविवारची पाळी मी आता घेत नाही. तरी प्रार्थनेला बसलो की मला तो कपडे राखणारा पोरगा दिसतो. पुढं तो मोठा प्रेषित झाला हे मला ठाऊक आहे. वाटेत आभाळातून उजेड पडला आणि तो पालटला. बारामती ते इंदापूर ही वाट मी किती वेळा चाललो, माझ्यावर तसा उजेड पडलेला नाही.

आई क्वार्टरमध्ये राहायला येत नाही. "तितं मला कोण वळखतं?" म्हणते. मी म्हणत नाही, की मलाही कोण ओळखत होतं. मी महिन्या-दोन महिन्यांनी जातो, एक दिवस तिच्याबरोबर दोर वळतो. गावात घायपात पुन्हा मिळू लागलं आहे. ते कधी आणि कुणी सुरू केलं हे कुणी बोलत नाही. जत्रेला आता दुसऱ्या गावाहून हलगी येते. घर म्हणून मला जे उरलं आहे ते हेच: एक अंगण, एक टोक, आणि फाट्यावरचा तो लिंब, जिथं मला थांबल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

गेल्या महिन्यात परत निघालो तेव्हा तिथं एक गाडीवान थांबला होता. फलटणकडचा असावा, गाडीत गुळाच्या ढेपा होत्या. त्यानं बैलं उभी करून एक दगड उचलला, कपाळाला लावला आणि ढिगावर ठेवला. ढीग आता माझ्या छातीला लागतो. सगळ्यात वरच्या दगडाला कुणीतरी शेंदूर लावला होता. पाद्रीसाहेब म्हणाले तसंच झालं होतं.

"ह्यो कंचा देव?" मी विचारलं. मला ठाऊक होतं, तरी विचारलं.

"इस्तोबा," तो म्हणाला. "कडक हाय. दगड वाह्यल्याबिगर म्होरं गेलं की गाडीचा आख मोडतो. तुमी बी वहा की पावणं, नुसतं हुबं काय ऱ्हायलाय?"

मी वाकलो. कित्येक वर्षांपूर्वी आईनं माझ्या नावानं ठेवला होता, तो दगड या ढिगात तळाशी कुठं तरी असणार. मी एक उचलला, आणि तो हातात धरूनच राहिलो.

"गाव कंचं? नाव काय?" गाडीवानानं चिलीम काढत विचारलं.

मागं कुणी उभं नव्हतं. रांग नव्हती, भोंगा नव्हता. तरी जीभ जड झाली.

"स्तेफन," मी म्हणालो. त्याला समजेल असं पुन्हा म्हणालो, "इस्तेफान."

त्यानं दोन्ही हात जोडले. "आरं तिच्या! म्हंजी आईबापानं देवाचंच नाव ठिवलंय की!"

नेहमीसारखं गप्प राहता आलं असतं. तो खूष होता, त्याची वाट सुखाची होणार होती, आणि माझं काही बिघडत नव्हतं.

"देवाचं न्हाय," मी म्हणालो. "मानसाचं."

"कंच्या मानसाचं?"

मी दगड ढिगावर ठेवला, शेंदराच्या खालच्या बाजूला, आणि तिथंच मातीत बसलो. त्यानं एकदा सडकेकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग बैलांच्या मानेवरचं जू उतरवलं आणि समोर येऊन उकिडवा बसला. "सांगा," तो म्हणाला.

आबा भाकरीच्या पंगतीपासून सुरुवात करत असत. मी त्या राखलेल्या कपड्यांपासून केली.